छगनची बैलजोडी

(जानेवारी १९७३. सुप्याजवळच्या एका गावातली शाळा नुकतीच सुटली आहे. दानीएल गुरुजींच्या हातात बस्तरच्या खाणीवरून आलेलं इंग्रजी माहितीपत्रक आहे. समोर सहादेव बसला आहे. त्याची सून मनकर्णा दाराशी उभी.)

सहादेव : लोखंडाचं झालं, गुर्जी. डोंगरच्या डोंगर लोखंडाचा हाय, त्ये कळलं. पान्याचं वाचा.

गुरुजी : तेच वाचतोय. वर्षाला पंचावन्न-साठ इंच पाऊस.

सहादेव : आन् आपल्याकडं?

गुरुजी : बऱ्या साली वीस. गेल्या सालचं तुम्हीच सांगा.

सहादेव : गेल्या साली छत्री खुंटीवरनं काढली न्हाई. फुडं वाचा.

गुरुजी : साल वृक्षांचं घनदाट जंगल, भाताची शेती. बस्तर नावाला एक जिल्हा, पण आपला नगर जिल्हा त्यात दोनदा मावेल एवढा. आता तिथून समुद्रापर्यंत रेल्वे नेली आहे. लोखंडाचा दगड बंदरावर जातो, तिथून जपानला. खाणीजवळ नवी वसाहत, विजेचे दिवे, दवाखाना, नळ.

सहादेव : माझ्या बन्सीनं बी त्येच लिवलंय. क्वार्टर पक्कं हाय, नळ दाराशी हाय, मनकर्णेला आन् पोरीला धाडा. सात म्हयनं झालं त्येला जाऊन. हितं हिरीत सुरुंग लावायचा, तिथं डोंगराला लावतोय.

गुरुजी : मग अडलं कुठं, बापू? इथं तरी काय आहे? मनकर्णा दुष्काळाच्या कामावर खडी फोडते.

सहादेव : माझी लंका कोल्हारला दिली, तवा घर बघाया मी सोता गेल्तो. रांजनातलं पानी पेलो. उकिरडा बघितला.

गुरुजी : उकिरडा कशाला?

सहादेव : गोठ्यात जनावर किती, त्ये सोयरा वाढवून सांगतो. उकिरडा केवढा हाय त्यावरनं खरं कळतं. पोरगी दीड दिसाच्या वाटंवर द्यायची तर एवढं बघितलं. आन् सुनंला न बघताच त्या रानात धाडू?

गुरुजी : म्हणून तर हे पत्रक वाचतोय. छापलेलं आहे, सरकारी आहे.

सहादेव : छापलं म्हंजे तुमाला खरं वाटतं. ह्या फोटूत बघा. रस्ता हाय, इंजिन हाय, टोपीवालं सायब हायेत. तिथली मूळची मान्सं कुठं हायेत?

गुरुजी : थांबा. हां, एक ओळ आहे. ‘येथील आदिवासी साधे व नृत्याची आवड असलेले आहेत.’

सहादेव : एवढंच?

गुरुजी : एवढंच.

सहादेव : नाचत्यात त्ये सांगितलं. डोंगर त्यांचा हुता का, आन् आता त्ये कुठं ऱ्हात्यात, त्ये न्हाई सांगितलं. घरच्या मान्सास्नी परसात बसवायचं आन् पाहुन्याला ओसरी दावायची, तसला कागद हाय ह्यो.

गुरुजी : तुम्हाला बरं एवढ्यात कळलं.

सहादेव : कळतं मला.

मनकर्णा : मामंजीस्नी कळंलच, गुर्जी.

सहादेव : काय म्हनलीस?

मनकर्णा : माझ्या बापानं, अन्नानं, उकिरडा बघितला न्हाई.

गुरुजी : कधीची गोष्ट ही?

मनकर्णा : अन्ना घर बघाया आलं, तवाची. दावणीला खिल्लारी जोडी हुती. अन्ना तिच्या पाठीवरनं हात फिरवून आलं. घरी यून आयेला म्हनलं, पोर खाऊनपिऊन सुखी ऱ्हाईल. लगीन झालं. तिसऱ्या दिशी सकाळी मी सडा टाकत हुते, तवा छगनमामा आलं आन् जोडी सोडून घेऊन गेलं. त्यांचीच हुती.

सहादेव : तू बघितलं व्हय?

मनकर्णा : माझ्या फुडनं गेली. एका बैलानं सड्यात पाय दिला.

सहादेव : आठ वर्सं झाली. कदी बोलली न्हाईस.

मनकर्णा : कुनापाशी बोलू? अन्नाला सांगितलं असतं तर त्येच्या जिवाला लागलं असतं. मरंपतूर त्येला वाटत हुतं, पोर बैलजोडीच्या घरात हाय.

सहादेव : मला वाटलं, वर्साभरात आपली जोडी घीऊ. मग कुनाला काय कळतंय. न्हाई झाली जोडी. लाज वाटती मला त्येची, पोरी.

मनकर्णा : मला लई राग हुता. दोन वर्सं तुमाला भाकर वाढताना मान वर केली न्हाई. मग माझ्या बाळंतपनात तुमी रोज लांबनं पानी आनलंत, दोन्ही येळंला. तवा राग गेला. बैल नव्हतं, पर मान्सं चांगली भेटली.

गुरुजी : बापू, पाणी देऊ का?

सहादेव : नगं.

मनकर्णा : ह्या कागदातलं बी निम्मं नसंल, मामंजी. नळ वसाहतीच्या कोपऱ्यावर असंल. त्ये मला चालंल. पर मला जायाचं हाय. परवा सुप्याच्या स्टँडवर पोरगी भलत्याच मान्साला ‘बा’ म्हनून बिलगली. त्यो बिचारा हसला. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

सहादेव : मला सांगितलं न्हाईस.

मनकर्णा : आता सांगितलं.

सहादेव : गुर्जी, कार्ड हाय का तुमच्यापाशी?

गुरुजी : आहे. काय लिहू?

सहादेव : लिवा, मनकर्णा आन् पोर येत्यात. पोचवाया मी येतो. मनमाड, नागपूर, रायपूर, आन् फुडं मोटार कंची त्ये कळव.

गुरुजी : लिहिलं. आणखी?

सहादेव : लिवा, आमी येनार म्हनून दावणीला कुनाची जोडी आनून बांधू नगंस. जे हाय तेच दाव.

गुरुजी : एवढ्यावरून बन्सीला समजेल का?

सहादेव : समजंल. छगनकडनं जोडी हाकत त्योच घिऊन आल्ता.