चिठ्ठीत घोडा नाही

...आणि हे आधीच स्पष्ट करते, घोडा उधळला तो क्षण मी पाहिलेला नाही! हो, त्याच घोड्यावर मी बसले होते, दुसरं कोण बसणार? पण बसणं वेगळं आणि पाहणं वेगळं. नारीनच्या विद्यापीठात एकतीस वर्षं मी संख्याशास्त्र शिकवलं, आणि पहिल्या तासाला पहिलं वाक्य हेच सांगायची, की जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणू नका, मग ते कितीही खरं वाटो. आणि आता वरच्या कुरणातला जो भेटेल तो मला विचारतो, 'ऊलकान एजे, टाच तुम्ही मारलीत की तो आपणहून सुटला?' एजे म्हणजे थोरली बहीण. सदुसष्टाव्या वर्षी माणूस सगळ्या मुलखाचीच थोरली बहीण होतो, सल्ला कुणी विचारत नाही, वय तेवढं मानतात. तर मी खरं तेच सांगते, ठाऊक नाही. आणि तुम्हाला सांगते, माणसांना खोटं पटतं, अर्धवट पटतं, पण 'ठाऊक नाही' काही केल्या पटत नाही!

मुळात सगळं केलं त्या गोळ्यांनी. तीन गोळ्या. रक्तदाब म्हणे एकशेनव्वदवर गेलाय. गेला असेल, निवृत्तीनंतर माझं दुसरं काय वर जाणार होतं? तर पांढरी गोळी पाण्याची, म्हणजे अंगातलं पाणी काढते. कुठून काढते ते चारचौघांत सांगत नाही, पण दर अर्ध्या तासानं काढते. गुलाबीनं खोकला येतो, कोरडा, ठसक्यावर ठसका, नेमका वाक्याच्या मधोमध. पिवळीनं पाय सुजतात, इतके की माझे स्वारीचे बूट घोट्यापाशी येतात आणि तिथूनच माघारी फिरतात, आणि मी रबरी गलोश, ते चिखलातले ढगळ जोडे, घालून रिकिबीत पाय ठेवते... मी! जिच्या बापानं तिला चालायच्या आधी खोगिरावर बांधलं होतं ती मी! आणि तिघी मिळून जी भोवळ आणतात ती वेगळीच.

गोळ्यांसोबतची चिठ्ठी मी वाचली. दोन्ही बाजूंनी, भिंगातून, तळटिपांसकट. अशी चिठ्ठी पूर्ण वाचणारी जिल्ह्याच्या इस्पितळाच्या इतिहासात बहुधा मी पहिलीच, पण हे अनुमान झालं, पुरावा नाही. 'दहांपैकी एकास भोवळ येऊ शकते. वाहन चालवू नये. यंत्रावर काम करू नये.' आणि घोडा? घोडा वाहन आहे? नाही. यंत्र आहे? मुळीच नाही. चिठ्ठीत घोड्याबद्दल एक अक्षर नाही!

डॉक्टरीणबाई तरुण, नीटस, बोलते भराभर. 'एजे, गाडी चालवता?' 'नाही.' 'शिडीवर चढता?' 'नाही.' 'एकट्या राहता?' 'नाही.' (जेर्दे असतो ना. जेर्दे म्हणजे माझा घोडा. रंगानं तांबूस आहे म्हणून जेर्दे, आम्ही घोड्यांची बारशी करत नाही.) 'मग काही हरकत नाही,' म्हणाली आणि सही ठोकली. आता सांगा, मी खोटं बोलले? एक तरी उत्तर चुकीचं दिलं? प्रश्नावलीच सदोष असेल तर उत्तर देणाऱ्याचा काय दोष?... हो, हो, कळतंय मला, तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय.

पण माझीही बाजू ऐका. माझा मुलगा तिलेक बिश्केकला असतो, रोज फोनवरून काळजी करतो, आणि त्यानं वसंतातच बजावलं होतं, 'आई, एकदा, फक्त एकदा जरी घोड्यावरून पडलीस किंवा पडता पडता वाचलीस, तर दुसऱ्या दिवशी जेर्दे विकला समज.' विकला! जमिनीवर मी कोण? गुडघे धरून भिंतीच्या आधारानं चालणारी एक म्हातारी. खोगिरावर बसले की मी ऊलकान. माझ्यातून घोडा वजा करा, बाकी काय उरते? गलोश! म्हणून भोवळ आली की मी थांबायची आणि जिनाचा पट्टा तपासतेय असं दाखवायची. त्या उन्हाळ्यात माझ्या घोड्याचा पट्टा सगळ्या खोऱ्यात सर्वांत जास्त तपासलेला पट्टा होता.

तर झालं असं. माझा चुलतभाऊ ओस्मोनकुल, माझ्याहून चार वर्षांनी धाकटा, फुप्फुसांच्या दुखण्यानं तीन आठवडे जिल्ह्याच्या इस्पितळात पडून होता. त्याची बायको बातमा वरच्या कुरणात. तिला खाली येता येईना, कारण घोड्या दुभत्या, दर दोन तासांनी धार काढायची, घोडी काही नवऱ्याच्या आजारपणाची रजा देत नाही. मी गोळ्या आणायला गेले तेव्हा त्याला भेटले. त्यानं नाकातली नळी बाजूला केली आणि मोठ्या कष्टानं निरोप दिला. म्हटलं, काय सांगतोय आता... म्हणाला, 'बातमाला सांग, कुरुत पाठव. इथलं जेवण म्हणजे भिजवलेला कागद.' कुरुत, वाळवलेल्या दह्याचे ते खारट गोळे, दगडासारखे. दात सहा उरलेत, पण हौस बघा!

दोन दिवसांनी तोच निरोप घेऊन मी निघाले. सकाळची पांढरी गोळी घेऊन निघाले, आणि इथं माझं चुकलं. कारण ओढा ओलांडला की बातमाच्या तंबूपर्यंत सपाट माळ, झुडूप नाही, धोंडा नाही, आणि आमच्याकडच्या प्रत्येक मेंढपाळाच्या गळ्यात दुर्बीण! लांडगे बघायला म्हणतात. लांडगे वर्षातून दोनदा दिसतात, बाकी तीनशे त्रेसष्ट दिवस ते काय बघतात? एक माजी प्राध्यापिका त्या माळावर उतरून बसणार? शक्य आहे? आणि उतरलेच, तर परत चढायला धोंडा कुठून आणू? तेव्हा मी धीर धरला. धीर धरला... आणि मग गुलाबी गोळीचा खोकला आला. एक, दोन, पाच, सात ठसके, डोळ्यांपुढं आधी चांदण्या, मग काळोख... आणि काळोखानंतर माझी पुढची नोंद अशी, की कानांत वारा घोंगावतोय, जेर्दे पोट जमिनीला लावून भरधाव सुटलाय, दोन्ही हातांत आयाळ, मी खोगिरावर या कुशीवरून त्या कुशीवर हेलकावतेय, तोंड उघडं, घशातून आचके निघताहेत आणि समोर नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे तीन तंबू झपाट्यानं मोठे होताहेत.

आता, आमच्यात तंबूकडे कुणी दौडत जात नाही. पाहुणा चालीनं येतो, दुरूनच खाकरत येतो. भरधाव, हेलकावत, हुंदके देत येतो तो एकाच कामासाठी... मेलेल्याची बातमी घेऊन. हे आमच्याकडे दुधपित्या पोरालाही कळतं. चिठ्ठी लिहिणाऱ्याला कळत नाही, कारण चिठ्ठीत घोड्याबद्दल एक अक्षर नाही!

बातमा धार काढत होती. तिनं मला पाहिलं, बादली लाथाडली, डोक्याचा रुमाल ओढून फेकला आणि जमिनीवर बसून विलाप सुरू केला. आणि काय विलाप, तुम्हाला सांगते! 'पांढऱ्या टोपीच्या माझ्या धन्या रेऽ, दारचा पाहुणा कधी उपाशी न धाडणाऱ्याऽ, बेचाळीस वर्षांत एकदा आवाज न चढवणाऱ्याऽ...' जुळवून ठेवला होता बाईनं, तीन आठवडे धार काढता काढता जुळवला होता, उगाच एवढं यमक साधतं? तशा अवस्थेतही मी मोजलं, त्यात तीन विधानं धडधडीत खोटी होती. ओस्मोनकुलचा आवाज ओढ्यापलीकडच्या मेंढ्यांना ठाऊक आहे.

मी ओरडणार होते, 'अगं नाही!' पण 'अ' म्हटलं की ठसका. तिला वाटलं, हुंदका. तिच्या दिरानं, तोक्तोसुननं, जेर्देला लगामाला धरून थांबवलं, मला अलगद उतरवलं, छातीशी धरलं आणि म्हणाला, 'रडा एजे, रडा, मन मोकळं करा.' मन राहू दे रे बाबा! त्याला ढकललं आणि गलोश फटफटावत तंबूच्या मागं धावले. मागून बायकांचा आवाज, 'बघा, भावाच्या दुःखानं वेडी झाली बिचारी!'

परत आले तोवर मेंढी कापून झाली होती. आमची माणसं एरवी कुंपणाचा एक खांब रोवायला आठवडा घेतील. पण मयताची मेंढी? मी कपडे नीटनेटके करून येईपर्यंत!

'कुरुत,' मी म्हटलं.

'काय?' तोक्तोसुन.

'कुरुत मागितलंय त्यानं. जेवण फिकं लागतं म्हणाला.'

विलाप मधल्या ओळीत तुटला. बातमानं डोळे पुसले. 'म्हणजे... जिवंत आहेत?'

आणि इथं शहाण्या माणसानं 'हो' म्हणायचं असतं. एवढंसं अक्षर! पण मी म्हणाले, 'परवा दुपारी बारापर्यंत होता. त्यानंतरचं मी पाहिलेलं नाही.'

पुन्हा सुरू! पहिल्या ओळीपासून!

शेवटी तोक्तोसुन फोन घेऊन टेकडीवर चढला, वरच तेवढी रेंज येते. अर्ध्या तासानं तिथूनच ओरडला, 'जिवंत आहे! विचारतोय, विलापात काय काय म्हणाली!' मग जी हसाहस झाली! मेंढी होतीच, ती खाल्ली. बातमा तेवढी फुगून बसली. 'एजे, माझा एवढा चांगला विलाप वाया घालवलात. उद्या खरी वेळ आली तर मी काय म्हणू?' मी म्हटलं, 'तोच म्हण, सुधारून. तीन चुका आहेत.'

पण टेकडीवरून फोन तिलेकलाही गेला होता. संध्याकाळी खाली पोचते तो फोन वाजतोच आहे. तो ओरडला नाही, तेच वाईट. म्हणाला, 'आई, पडली नाहीस म्हणून एक संधी. यापुढं फक्त चाल. दुडकीसुद्धा नाही. कुणी एकानं जरी तुला चालीपेक्षा जास्त पाहिलं ना, जेर्दे गेला.' आणि पाहणारे किती? प्रत्येक गळ्यात दुर्बीण! मी शब्द दिला. डॉक्टरीणबाईला त्यानं सगळं सांगितलं, तिनं पिवळी अर्धी केली, गुलाबी बदलली. मी म्हटलं, 'चिठ्ठीत घोड्याबद्दल...' तर म्हणाली, 'चिठ्ठीत तुमच्याबद्दलही काही नाही, एजे.'

अकराव्या दिवशी सकाळी मला फोन आला. ओस्मोनकुल गेला. पहाटे, झोपेत.

पुरुष माणसं त्याला आणायला गेली. ओढ्यावरचा पूल वाहून गेलेला, वर जायचं तर घोड्यावरूनच. आणि अशी बातमी टेकडीवर चढून फोनवर ऐकायची नसते, ती थोरल्या माणसानं समोर येऊन सांगायची असते. थोरली मी. त्या दिवशी पांढरी गोळी मी घेतली नाही. ओढा ओलांडला, माळ लागला आणि मी जेर्देला थांबवलं. दौडवू? तिथं म्हणतील, आली म्हातारी परत उधळत, आणि हसतील. शिवाय घोडा जाईल. चालीनं जाऊ? तर पाहुणी आली म्हणतील. दौडले तरी खोटं, चालले तरी खोटं! एकतीस वर्षं मी पोरांना शिकवलं, की खुणेवरून तिच्यामागचं कारण ओळखता येतं. आणि त्या माळावर माझ्याकडे एक धड खूण उरली नव्हती.

शब्द दिला होता. चालीनं गेले.

बातमानं दुर्बिणीतून पाहिलं असणार, कारण मी पोचेपर्यंत चहा उकळला होता. लांबूनच हसत ओरडली, 'या एजे, या! आज घोड्यानं गोळी घेतली वाटतं! त्या दिवशी गोंधळात कुरुत राहूनच गेलं, आता भरून ठेवलंय बघा, ही एवढी पिशवी, जाताना घेऊन जा.' मी उतरले. तिनं वाटी हातात दिली. मी घोट घेतला नाही, तरी तिला कळेना. मग सांगितलं. सरळ, एका वाक्यात.

ती हसलीच. मग थांबली. 'एजे, तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?'

काय सांगणार? 'नाही.'

'मग?' म्हणाली, आणि पिशवीची गाठ मारू लागली. मारली. सोडली. पुन्हा मारली.

तोक्तोसुन फोन घेऊन टेकडीवर गेला. आम्ही दोघी बसून राहिलो. तो परतला तेव्हा चालत परतला, टोपी हातात. बातमानं त्याच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. म्हणाली, 'तो विलाप... चांगला झाला होता ना?'

'फार चांगला झाला होता.'

'चुका होत्या म्हणालात.'

'एकही नव्हती,' मी म्हटलं. खोटं बोलले. साफ खोटं.

तिनं मान हलवली. त्या दिवशी नाही आणि दफनाच्या दिवशीही नाही, तिनं विलाप केलाच नाही. बाकीच्या बायका गात होत्या आणि ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

आता जेर्दे माझ्याकडेच आहे. तिलेक खूश आहे, आई सांभाळून जाते. पण तुम्हाला सांगते, आता मी कुठल्याही तंबूकडे चालीनं जाऊ लागले की बायका हातातलं काम टाकतात, रुमालाच्या गाठीकडे हात जातात, आणि मी जवळ येईपर्यंत कुणी श्वास घेत नाही. दौडत आले तर चहा ठेवतील. पण दौडायची मला बंदी! मग मी कुरणाच्या अलीकडूनच ओरडत जाते, 'कुणी मेलेलं नाहीऽ! चहा प्यायला आलेयऽ!' सदुसष्टाव्या वर्षी, गलोश घालून.

आणि अजून लोक विचारतातच, पहिल्या दिवशी टाच कुणी मारली? मी मारली असेल, तर बातमाचा विलाप मी वाया घालवला. तो आपणहून सुटला असेल, तर गोळ्यांनी घालवला. ठाऊक नाही. त्या काळोखात आम्ही दोघंच होतो. त्यातला एक बोलत नाही, आणि चिठ्ठीत त्याच्याबद्दल एक अक्षर नाही.