कपाटातला सेमिनार

...आणि वर गिऱ्हाइकं म्हणतात, आवाज कसा, स्वच्छ पाहिजे! अहो, कुठून आणू? तुम्हाला सांगतो, मी इथे अमेरिकेत, मायनॉट गावी बसून फोनवर सेमिनार घेतो, गावोगावची माणसं फोन लावून ऐकतात, मग त्याचीच सीडी काढून विकतो. विषय? 'एकटे राहा, मजेत राहा!' हसू नका! बायको गेल्यावर दुसरं काय सुचणार? तर फार्गोची एक बाई म्हणते, "मिस्टर टोरगर्सन, सीडीवर तुमच्यापेक्षा तुमचा फ्रिजच जास्त बोलतो!"

झालं! फ्रिज बंद... आतलं नासलं तर नासू दे! बिनतारी फोन खरखरतो, म्हणून जुना वायरवाला काढला. घड्याळाचे सेल काढले. कुत्रा घोरतो, त्याला शेजारच्या डोरीनबाईंकडे सोडला. त्या म्हणतात, "आर्लन, घरात जिवंत असं तेवढंच होतं, तेही बाहेर काढलंत?" म्हटलं, बाई, आवाज स्वच्छ पाहिजे!

कोटांच्या कपाटात शिरलो. ऐकणाऱ्यांचे आवाज एका बटणात बंद. राहिली मधेच दुसरा फोन आला की वाजणारी टुकटुक, तीही बंद केली, करणाऱ्याला नुसता एंगेज टोन! आता मला फोन करणारं आहे कोण? एक मुलगी, मार्नी, फिनिक्सला. थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी येते की नाही, ते नेमकं सेमिनारच्याच दिवशी कळवणार होती. पण ती करते संध्याकाळी! दुपारी कधी म्हणून नाही!

तासभर बोललो. "एकटेपणाला घाबरू नका, मित्रांनो!" पलीकडून हूं नाही की चूं नाही. विनोद केला, मीच हसलो. वाटलं, कुणीतरी खोका हो, एकदा तरी!... पण छे, आवाज स्वच्छ पाहिजे ना!

बाहेर येतो तो दारात डोरीनबाई. "अहो, मार्नीचा फोन माझ्याकडे आला! तुमचा सारखा एंगेज. म्हणाली, बाबा एवढा वेळ बोलतायत म्हणजे माणसांत रमलेत, माझाच जीव उगाच टांगणीला! यंदा मैत्रिणीकडे जाते म्हणाली."

तस्सा फोन लावला. "बाबा, किती बरं वाटलं मला!" इतकी खुशीत होती हो पोरगी... काय सांगणार? म्हटलं, हो गं, माणसांतून सवडच मिळत नाही.

सीडी मात्र अशी झालीय म्हणून सांगू! घेऊन जा एक. घरात माणूस राहतो, असा संशयसुद्धा येत नाही.