नंदी नसलेल्या देवळात

हनीफ : ‘धोंडू, दारात माणूस आला की आधी पाणी द्यायचं आणि मग नाही म्हणायचं.’ तुमच्या आईचे शब्द, आण्णा. याच ओसरीवर ऐकलेत मी. आता पाणी मिळालं, गुळाचा खडा मिळाला. म्हणा नाही.

धोंडीराम : नाही कुठं म्हणतोय मी.

हनीफ : मग हो म्हणा. टांगा दारात उभा आहे.

धोंडीराम : हो तरी कुठं म्हणतोय.

हनीफ : हे ऐकायला मालेगावाहून आलो होय. हे तर मला घरी बसूनही ठाऊक होतं.

धोंडीराम : हनीफ, साठी उलटली माझी. रयत पक्षाचं प्रांतिक अध्यक्षपद म्हणजे काय पोळा आहे, की बैलाला झूल घातली आणि वेशीतून मिरवून आणला? माघात निवडणुका. नवा कायदा, नवे मतदार. मी कौन्सिलात होतो तो काळ वेगळा होता. तेव्हा चार शहाण्यांना पटवलं की भागायचं.

हनीफ : तुम्ही झूल तेवढी घाला. ओढायला आम्ही आहोत.

धोंडीराम : आणि उद्या पुण्याला बैठक, तर तू आज उगवतोस.

हनीफ : आज? दसऱ्यापासून खेपा घालतोय. दर खेपेला तुम्ही म्हणता, विचार करतो. इतका विचार कौन्सिलात असताना केला असता तर... जाऊ द्या.

धोंडीराम : बोल की. आता कसली भीड.

हनीफ : भीड नाही, गरज आहे. पक्षातल्या वाल्मीकरावांना अध्यक्ष करावं तर निम्मे लोक मानत नाहीत. दुसऱ्या बाजूच्यांना उरलेले निम्मे मानत नाहीत. तुमच्या नावाला मात्र दोन्हीकडून मान हलते.

धोंडीराम : माझ्यात असं काय दिसलं त्यांना?

हनीफ : चार वर्षांत तुम्ही कोणाचं काही बिघडवलेलं नाही. एवढी लायकी आज पक्षात दुसऱ्या कोणाची नाही.

धोंडीराम : घरी बसलो हीच लायकी म्हणायची.

चतुराबाई : हनीफभाई, पेरू घ्या. मळ्यातले आहेत. तिखटमीठ लावलंय.

हनीफ : वा. वहिनी, झाडं आण्णांनी लावली?

चतुराबाई : ह्यांनीच. सकाळी उठून त्यांच्याशी भांडत असतात.

हनीफ : झाडं ऐकतात?

चतुराबाई : उठून तरी जात नाहीत.

धोंडीराम : झालं. आता घरातसुद्धा टोमणे.

हनीफ : वहिनी, तुम्हीच सांगा. आण्णांनी उभं राहावं की नाही? चाळीस वर्षं तुम्ही यांना पाहताय.

चतुराबाई : मला त्यातलं काय कळतं. माझं आपलं देव आणि चूल. एक विचारू का पण? अध्यक्ष झालं की व्यासपीठावर बसावं लागेल?

हनीफ : मग कुठं बसवणार? मधली खुर्ची त्यांची.

चतुराबाई : पायऱ्या चढून?

हनीफ : हात धरून चढवू, वहिनी. त्याची नका काळजी करू.

चतुराबाई : मग अवघड आहे. आणखी पेरू आणते.

धोंडीराम : थांब. पेरू आहेत अजून. काय अवघड आहे?

चतुराबाई : काही नाही.

धोंडीराम : तू ‘काही नाही’ म्हणालीस की पुष्कळ असतं. सांग.

चतुराबाई : हनीफभाईंसमोर सांगू?

हनीफ : मी बाहेर टांग्यात जाऊन बसतो.

चतुराबाई : नको, बसा. तुम्ही काय परके. अहो, चार वर्षांपूर्वी तुम्हाला तो ताप आला होता ना. विषमज्वर. वैद्य म्हणाले, आता देवाच्या हातात. मग मी देवाकडंच गेले. कपालेश्वराला.

धोंडीराम : मग? रोज जातेसच की.

चतुराबाई : रोज जाते ते तेव्हापासून. मी नवस बोलले. ह्यांना उठव, पुन्हा सभेच्या व्यासपीठावर चढू देणार नाही, म्हणाले.

धोंडीराम : मला न विचारता?

चतुराबाई : तुम्हाला शुद्ध कुठं होती विचारायला.

हनीफ : वहिनी, माफ करा, मला तुमच्यातलं फारसं कळत नाही. पण दुसऱ्याच्या पायांवर नवस बोलता येतो?

चतुराबाई : लेकराच्या जावळाचा आई बोलतेच की. लेकराला कोण विचारतं?

धोंडीराम : मी लेकरू आहे?

चतुराबाई : त्या दिवशी होतात.

हनीफ : यातून काही सुटका नसते का? आमच्याकडं अडचण पडली की मौलवींना विचारतात. तुमचे एवढे भटजी आहेत पंचवटीत.

चतुराबाई : विचारलं मी, दसऱ्यानंतर. प्रत्येकानं निराळं सांगितलं. आणि खरं सांगू, दुसरं एखादं देऊळ असतं तर एवढी घाबरले नसते. दुसरीकडं आपण नंदीच्या कानात सांगतो. तो पुढं महादेवाला सांगतो, सांगताना थोडं मऊ करून सांगत असेल. कपालेश्वरापुढं नंदीच नाही. मी थेट पिंडीवर हात ठेवून बोलले. मध्ये कोणी नव्हतंच. आता रदबदली कोणाकडून करू?

धोंडीराम : म्हणजे मी राजकारण सोडलं ते तुझ्या नवसामुळं?

चतुराबाई : सोडलं तुम्ही. मी अडवलं नाही, एवढंच.

धोंडीराम : मी पक्षातल्या भांडणांना विटून सोडलं. सगळ्या जिल्ह्याला तसं सांगून मोकळा झालो. आता तू म्हणतेस, देवानं सोडवलं.

चतुराबाई : मला काय माहीत, कोणी सोडवलं. मी सांगितलं, पहाटे तुम्हाला घाम फुटला, ताप उतरला. आणि पंधरा दिवसांत तुम्ही अंथरुणावरूनच म्हणालात, सोडलं सगळं. मला वाटलं, देवानं माझा शब्दन् शब्द ऐकला.

हनीफ : आण्णा, कुठं बघताय?

धोंडीराम : आठवतंय काहीतरी. त्या तापातलं. समोरच्या खिडकीतून देवळाचा कळस दिसतो बघ. दिवस होता की रात्र, ठाऊक नाही. मीही बोललो होतो.

चतुराबाई : काय बोललात?

धोंडीराम : एकदा उठव. लोकांचं राहिलेलं पुरं करीन.

चतुराबाई : हे मला कधी सांगितलं नाहीत.

धोंडीराम : तू तरी कुठं सांगितलंस.

हनीफ : मग मिटलं की. आण्णांचा नवस आण्णांच्याच पायांवर. उठा, चला.

चतुराबाई : थांबा, हनीफभाई. अहो, लोकांचं काम म्हणालात की अध्यक्षपद म्हणालात?

धोंडीराम : काम. म्हणजे, कामच म्हणालो असेन. खुर्ची कशाला मागेन देवाकडं?

चतुराबाई : आठवून सांगा.

धोंडीराम : तापात होतो गं.

हनीफ : आणि काम कोणतं?

धोंडीराम : तेही नाही आठवत. राहिलेलं पुष्कळ होतं.

चतुराबाई : एकाच देवाला, एकाच तापात, तुम्ही एक सांगितलं आणि मी त्याच्या उलट. मग तुम्ही उठलात ते कोणाच्या बोलण्यानं?

धोंडीराम : त्यानं दोघांनाही हो म्हटलं. आमचे आधीचे अध्यक्ष असंच करायचे.

चतुराबाई : देवाची थट्टा नको.

धोंडीराम : थट्टा कुठली, डोकं चालेना माझं.

चतुराबाई : हनीफभाई, तुम्ही त्रयस्थ आहात. तुम्हाला काय वाटतं?

हनीफ : मला नका विचारू. मी त्रयस्थ नाही.

चतुराबाई : म्हणजे?

हनीफ : मीही दर्ग्यावर चादर चढवली होती. तुमची खबर आली त्या जुम्म्याला.

धोंडीराम : कधी बोलला नाहीस.

हनीफ : बोलायचं काय त्यात.

चतुराबाई : काय मागितलंत?

हनीफ : आण्णा उठावेत.

चतुराबाई : आणि बदल्यात काय देईन म्हणालात?

हनीफ : बदल्यात? काही नाही. ते सुचलंच नाही मला.

चतुराबाई : अट नाहीच घातली?

हनीफ : नाही, वहिनी. माझी अम्मी म्हणायची, मागताना हात दोन्ही मोकळे ठेवावेत. आमच्या जैतुनबीनं घरी येताच विचारलं, काय कबूल करून आलात? मी म्हटलं, विसरलो. ती हसत राहिली दिवसभर.

चतुराबाई : मग मीच चुकले म्हणायचं. देवापुढं अट घालणारी मी कोण. पण घातली, आणि ताप उतरला. आता ती मोडू कशी? त्यानं आपला शब्द पाळला आणि मी माझा मोडायचा, ते माझ्या जिवाला बरं वाटत नाही.

धोंडीराम : मनाचे खेळ आहेत सगळे. औषधानं उतरला ताप. मी व्यासपीठावर चढलो आणि काही झालं तर झालं. पेरूच्या झाडाखाली मरण्यापेक्षा बरं.

हनीफ : आण्णा, हे हो आहे का?

धोंडीराम : हनीफ, खरं सांगतो, आता लपवून काय करू. चार वर्षं या ओसरीवर कोणी चढलं नाही. पंचवटीतले लोक भाजीबाजाराला जाताना रामराम करतात आणि चालत राहतात. दसऱ्याला तू आणि नामपूरचा म्हातारा पुंजा आलात, तर मला आत जाऊन उपरणं बदलावंसं वाटलं. विचार करतो म्हणालो, कारण हो म्हणायची लाज वाटत होती.

चतुराबाई : मी पाहिलं तेव्हा.

धोंडीराम : काय पाहिलंस?

चतुराबाई : ते गेल्यावर आरशासमोर उभे होतात. हात असा पुढं करून. तोंड हलत होतं, आवाज नव्हता.

हनीफ : भाषण करत होते?

चतुराबाई : बहुतेक. छान दिसत होतं. मी दाराआडून मागे फिरले. ओवाळायला घ्यावं की रडावं, काही कळेना. मी देवाकडून जिवंत माणूस मागून आणला आणि झाडांशी भांडायला बसवला, असं वाटलं. म्हणून म्हणते, तुम्ही जा.

धोंडीराम : काय?

चतुराबाई : जा पुण्याला. मला पुष्कळ दिवसांपासून म्हणायचं होतं. जीभ उचलत नव्हती.

हनीफ : वहिनी, तुमच्या तोंडात साखर.

धोंडीराम : आणि तुझा नवस?

चतुराबाई : बोलले मी, तर मोडण्याचं जे काय असेल ते माझ्याकडं. आज सोमवार आहे. आत्ता देवळात जाते, पिंडीवर हात ठेवते आणि सांगते. ह्यांना काही करू नको. काय घ्यायचं ते माझं घे.

धोंडीराम : काय घे?

चतुराबाई : त्याला हवं ते. मी कुठं हिशेब विचारू.

धोंडीराम : असलं काही सांगायचं नाही.

चतुराबाई : का?

धोंडीराम : नाही सांगायचं. देवळात जायचं नाही तू आज.

हनीफ : आण्णा, आत्ता तर म्हणालात मनाचे खेळ आहेत.

धोंडीराम : माझ्या बाबतीत म्हणालो.

चतुराबाई : मला काय व्हायचंय. सुना आल्या, नातवंडं पाहिली.

धोंडीराम : बोलू नकोस तसं. हनीफ, मी नाही येत.

चतुराबाई : येतील, हनीफभाई. यांची वळकटी बांधून ठेवली आहे मी.

धोंडीराम : सोड ती वळकटी. नाही येत म्हणालो ना.

चतुराबाई : जा म्हणते ना मी.

हनीफ : मघाशी आण्णांना यायचं होतं आणि वहिनींना नको होतं. आता वहिनींना हवंय आणि आण्णांना नको. मी कोणाशी भांडू ते तरी सांगा.

धोंडीराम : कोणाशीच नको. तू एकटा जा पुण्याला.

हनीफ : आणि सांगू काय? घरच्या नवसासाठी थांबले म्हणून? वाल्मीकराव आठवडाभर हसतील.

धोंडीराम : तब्येत बरी नाही, सांग.

चतुराबाई : तब्येतीचं नाव नका घेऊ. ठणठणीत आहेत. बोलाफुलाला गाठ पडते.

हनीफ : मग शेतात काम आहे सांगू? पेरू पिकलेत म्हणू? इतके दिवस ‘आण्णा येतील’ म्हणून मीच सगळीकडं सांगत फिरलो. माझी काय किंमत राहील?

धोंडीराम : तुझं खरं आहे. स्टेशनावर कोण कोण आहे?

हनीफ : नामपूरचा पुंजा आहे. कळवणचे दोघे. आणि फलाटावर जो भेटेल त्याला पुंजा पकडून सांगतोय, आण्णा हाऊ आमना माणूस शे. तिकीटमास्तरलाही सांगून झालं.

धोंडीराम : पुंजा आलाय?

हनीफ : सकाळीच. बाजरीची भाकरी बांधून आणलीय, तुमच्या वाट्याची निराळी.

धोंडीराम : दसऱ्याला जाताना तो दारात उभा राहिला होता. म्हणाला, निरोप नको, हो असो की नाही, तुम्हीच सांगा. मी म्हटलं, माझ्याच तोंडून ऐकशील.

हनीफ : ठाऊक आहे. त्याच शब्दावर तो फलाटावर बसलाय. म्हणून तर मी तुम्हाला न्यायला आलो.

धोंडीराम : अगं, माझे जोडे कुठं आहेत?

चतुराबाई : पुण्याला?

धोंडीराम : स्टेशनापर्यंत. पुंजाला सांगून येतो.

हनीफ : काय सांगणार?

धोंडीराम : नाही एवढंच.

हनीफ : तो कारण विचारेल.

धोंडीराम : विचारेल. ते अजून माझंच मला नीट कळलेलं नाही. नवसासाठी म्हणू तर माझा तेवढा विश्वास नाही. विश्वास नाही म्हणू, तर मग मी का थांबतोय?

चतुराबाई : अहो, मी जा म्हणाले ते मनापासून म्हणाले होते.

धोंडीराम : ते दिसलं मला. म्हणूनच.

(धोंडीराम जोडे घालतात. हनीफ बाहेर जाऊन टांगा वळवायला सांगतो.)

चतुराबाई : पुंजाला फार लागेल. किती आशेनं आलाय.

धोंडीराम : रडेल म्हातारा. त्याच्याजवळ बसतो, ती भाकरी खातो. गाडी सुटली की येतो.