ड्रॅगनच्या पिल्लानं केलेला सौदा

रविवारपासून पोरीच्या नजरेला नजर देववत नाही. सांगतो, पण हसू नका.

पूर्वाचे मित्र घरी फाशांचा खेळ खेळत होते. त्यात प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं आणि त्याच्यासारखं बोलायचं. एक भिडू आला नाही, म्हणून पोरगी पहिल्यांदाच म्हणाली, "बाबा, तुम्ही बसता का?" मी खूश. रविवार म्हणून शनिवार पेठेतलं माझं दुकान बंदच होतं. मला ड्रॅगनचं पिल्लू केलं.

पूर्वा तिरंदाज होती. वर्षभर तिनं ते सोंग जपलं होतं. तिला दरोडेखोरांनी पुलावर बांधलं आणि सोडायला माझ्या गुहेतलं माणिक मागितलं. दरोडेखोरांच्या वतीनं बोलत होता खेळ चालवणारा रोहन.

मी म्हणालो, "माणिक नाही, मोती घ्या."

"नाही जमणार."

"मग राहू द्या. मी उडालो."

"अंकल, सोच लो. खरंच चाललात?"

मला वाटलं, नरमला. "चाललो."

आपल्याकडं गिऱ्हाईक पायरी उतरलं की दुकानदार हाक मारतोच. मी त्या हाकेची वाट बघत उडत राहिलो. रोहननं फासा टाकला आणि हळूच म्हणाला, "त्यांनी तिला नदीत ढकललं. ती मेली."

पूर्वा मान खाली घालून म्हणाली, "बाबा, एकदा मागं वळून तरी बघायचं."

आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"बेटा, वळून बघितलं की भाव चढतो."