वरचं वजन

इंजिनीयर: मग मी काय केलं, तुमच्या बुटातल्या वजन मोजणाऱ्या पट्ट्याच बिघडल्या असं धरून ते आकडे काढून टाकले, काका.

शिंपीकाका: बरं.

इंजिनीयर: बरं काय? तुमचं वजन बासष्ट किलो आणि पट्ट्या सांगतात एकशे आठ! कुणाचा विश्वास बसेल?

शिंपीकाका: नाही बसणार.

इंजिनीयर: इकडे पडद्यावर बघा. हा तुमचाच पाय, स्कॅनवरून कॉम्प्युटरात उभा केलेला. ही प्लेट, हे आठ स्क्रू. तुम्ही पायावर रोज किती भार देता तो यात घालायचा, की हाड कधी जुळेल, स्क्रू टिकतील का, ते हा आधीच सांगतो. पण याचं हाड एक सांगतंय आणि तुमचा एक्स-रे भलतंच. शेवटी काढून टाकलेले आकडे परत घातले, तर तंतोतंत जमलं! म्हणजे पट्ट्या खऱ्या आणि तुम्ही खोटे.

शिंपीकाका: खोटं नाही बोललो, ताई. कुणी विचारलं नाही.

इंजिनीयर: डॉक्टरांनी बजावलं होतं ना, पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही म्हणून?

शिंपीकाका: बादली नाही उचलली.

इंजिनीयर: मोठे वस्ताद आहात! मग रोज सकाळी सहापासून चार-चार वेळा काय उचलत होता? दुकानातले तागे?

शिंपीकाका: बायकोला. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर. तिची डावी बाजू गेली होती. माझा पाय मोडल्यावर पहिला महिना मेहुणीने केलं. पण तिलाही तिचं घर आहे.

इंजिनीयर: अहो, मग सांगायचं नाही का? हा तिसरा स्क्रू पाहा, लाल दिसतोय तो. ढिला व्हायला लागला होता. गेले तीन आठवडे मात्र तुमच्या बासष्टच्या वरचं वजन शून्य, आणि हाडानंही लगेच धरलंय. आता मला डॉक्टरांना कळवायचंय, पुन्हा ऑपरेशन करायचं की नाही. हे वजन परत येणार असेल तर करावंच लागेल. खरं सांगा, येणार?

शिंपीकाका: नाही.

इंजिनीयर: नक्की? कामाला बाई ठेवली असेल, ती चार दिवस दांडी मारेल, की तुम्ही पुन्हा...

शिंपीकाका: नाही. उचलायला कुणी नाही आता.

इंजिनीयर: तेच म्हणतेय मी. कुणी नाही म्हणून तुम्हीच...

शिंपीकाका: तसं नाही, ताई. ती गेली. परवा तीन आठवडे झाले.

इंजिनीयर: काका... आणि मी आपली बडबडत बसलेय. माफ करा.

शिंपीकाका: असू द्या. तुम्हाला काय माहीत. मलाच अजून काही वाटत नाही. सकाळी सहाला उठतो, पलंगाशी जाऊन उभा राहतो. मग परत येऊन बसतो.

इंजिनीयर: ऑपरेशन नको, असं कळवते मी.

शिंपीकाका: कळवा. ते खाली काय लिहिलंय, ओळीत?

इंजिनीयर: ते... दर पंधरवड्याचं वरचं वजन.

शिंपीकाका: वाचा ना. चष्मा नाही आणला.

इंजिनीयर: राहू द्या, काका.

शिंपीकाका: वाचा.

इंजिनीयर: शेहेचाळीस. चव्वेचाळीस. त्रेचाळीस. चाळीस. छत्तीस.

शिंपीकाका: छत्तीस.

इंजिनीयर: त्यांचं वजन कुणी केलं नव्हतं का?

शिंपीकाका: काट्यावर उभं कसं करणार तिला? गाऊन दोनदा आत घेतला मी. म्हटलं, धुऊन धुऊन सैल झालाय. तीस वर्षं लोकांची मापं घेतोय.

इंजिनीयर: रोज डोळ्यांसमोर असलेल्या माणसाचं नाही येत लक्षात.

शिंपीकाका: आलं होतं लक्षात. हलकी लागायची.

इंजिनीयर: मग?

शिंपीकाका: मला वाटलं, माझा पाय सुधारतोय.