गंगक्काचं बोट आणि चारची गाडी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या बेन्नीहाळ गावाचे ज्येष्ठ आणि माझे दूरच्या नात्याने मामा लागणारे सन्माननीय वीरनगौडा. तालुक्याहून एवढी धूळ खात इथवर आलेल्या प्रमुख पाहुण्या, अधिकारी सुलोचना मॅडम. ज्यांच्या पायाशी बसून आम्ही अक्षरं गिरवली ते मठाचे पूज्य अज्जा. बनशंकरी महिला रोट्टी संघाच्या माझ्या चौदा जणी. त्यांचे यजमान, जे आज जेवण आहे म्हणून का होईना वेळेवर आले. आणि मागे दाराशी उभे असलेले, चारच्या गाडीचे कंडक्टर मल्लप्पाण्णा. तुम्हा सर्वांना या नीलगंगव्वाचे शरणु शरणार्थी.

हा माइक जरा खाली घ्या कुणीतरी. हां, पुरे.

माझ्या पाठीमागे जो फलक लावला आहे तो मी मागे न वळता वाचून दाखवू शकते. ‘संघाच्या संस्थापिका श्रीमती नीलगंगव्वा यांचा निरोप व सत्कार.’ खाली वर्षाच्या आकड्यावर पांढरा कागद चिकटवलाय. तो कागद उचकटलात तर त्याखाली आणखी एक कागद निघेल आणि त्याच्याही खाली मूळ आकडा. हा फलक आज तिसऱ्यांदा लागतो आहे. हसा, हसा, दिसतंय मला. काटकसर आपल्या संघाला मीच शिकवली, तेव्हा फलकाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार निरोपाबद्दल आहे.

सुलोचना मॅडम नव्या आहेत, त्यांच्यासाठी सांगते. पहिला निरोप झाला तेव्हा माझी ट्रंक मल्लप्पाण्णांच्या गाडीच्या टपावर चढली होती. या चौदा जणी गाडीपुढे रस्त्यात बसल्या. कल्लव्वा सगळ्यांत पुढे. म्हणाली, “अक्का, वसतिगृहांची एवढी मोठी मागणी आलीय आणि तुम्ही निघालात? पावसाळा तरी काढा.” मी पावसाळा काढला. मग हिवाळा काढला. दुसऱ्या निरोपाला ट्रंक टपावर चढलीच नाही. याच व्यासपीठावर मामांनी जाहीर केलं की गंगव्वा आणखी एक वर्ष थांबत आहेत, असं एकमताने ठरलं आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या गडबडीत मीही वाजवल्या. घरी गेल्यावर लक्षात आलं की एकमतात माझं मत कुणी विचारलंच नव्हतं.

आणि आज? आज मामांच्या खिशात एक कागद आहे. मामा, हात नका लावू खिशाला, असू दे. सकाळी मामी कडीपत्ता द्यायला आल्या तेव्हा सांगून गेल्या. “गंगे, आज तुला तहहयात मार्गदर्शक करणार आहेत, नवी साडी नेस.” तहहयात म्हणजे मरेपर्यंत. हा शब्द मी आयुष्यात एकदाच ऐकला होता, कोर्टात. तिथे टाळ्या वाजल्या नव्हत्या.

माणसं वाईट असती तर मी केव्हाच भांडून निघाले असते. पण तुम्ही मला शालीत गुंडाळता, पायावर डोकं ठेवता, नातवंडांना माझं नाव ठेवता. अशा माणसांशी भांडायचं कसं? दोन वर्षं मी रोज सकाळी उठते, ट्रंकेकडे बघते आणि रोट्टीघराकडे चालू लागते. कुलूप नाही, कडी नाही, तरी दार उघडत नाही. मला घुसमटायला होतं. आज पहिल्यांदा हे तोंडाने बोलते आहे.

यात दोष कुणाचा? माझाच. तो कसा, ते जुन्या लोकांना आठवत असेल.

सतरा वर्षांपूर्वी आम्ही पाच जणींनी एका लग्नासाठी ज्वारीच्या सहाशे कडक रोट्ट्या थापल्या. संघाचं पहिलं काम. नवव्या दिवशी लग्नघरचा माणूस टोपल्या घेऊन परत आला. निम्म्या रोट्ट्यांना हिरवी बुरशी. त्याने त्या देवळापुढच्या कट्ट्यावर उपड्या केल्या आणि सगळा गाव बघायला आला. तेव्हा आमचे यजमान हयात होते. ते म्हणाले, “बायकांची कंपनी म्हशींना बरी पडली.” खरंच म्हशींनी खाल्ल्या त्या. मी घरी आले आणि तीन दिवस उंबरा ओलांडला नाही.

चौथ्या दिवशी मी एक गोष्ट ठरवली. रोट्टी चुलीशी उभी करून वाळवली की बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. पण बोटाने टकटक केली तर खडखडीत वाळलेली रोट्टी बारीक, चढा आवाज देते आणि पोटात ओल राहिलेली ठस्स बोलते. त्या दिवसापासून मी टकटक केल्याशिवाय एकही रोट्टी बांधू दिली नाही. एकही नाही, मॅडम. पुढे दिवसाला चार हजार झाल्या तरी नाही. गठ्ठे माझ्यापुढे यायचे, मी डोळे मिटून बोट चालवायची, ओली बाजूला काढायची. त्यानंतर एक टोपली परत आली नाही. या सभागृहाच्या भिंती त्या रोट्टीतून उभ्या राहिल्या. पाळणाघर, पाण्याची टाकी, मुलींना तालुक्याच्या शाळेत नेणारी गाडी, सगळं त्यातूनच आलं. ज्या कट्ट्यावर आमची बुरशी ओतली होती तिथे आता संघाची सभा भरते आणि यजमान मंडळी चहा देतात. देतात ना? माना हलवा.

पण कौतुकाची एक सवय लागते. कुणी म्हणालं, पाकिटावर गंगक्काचं बोट छापू या. मी नको नको म्हटलं आणि फोटोसाठी बोट वाकवून बसले. कुणी म्हणालं, हे आम्हालाही शिकवा. मी म्हणाले, कानात असावं लागतं, शिकवून येत नाही. खोटं बोलले. शिकवलं असतं तर आलं असतं. पण मग मला कोण विचारणार होतं? हा पिंजरा तुम्ही बांधला नाहीत. त्याच्या काड्या मीच एकेक करून आणून दिल्या आणि तुम्ही त्या प्रेमाने विणल्या.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला वर्ष लागलं. मामा, पाणी द्या जरा.

गेल्या उगादीच्या सणाआधीपासून मला रोट्टीचा आवाज ऐकू येत नाही.

माणसाचं बोलणं येतं, तोंडाकडे बघितलं तर. गाडीचा हॉर्न येतो. पण तो बारीक, चढा आवाज गेला. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, वयाने जातो, परत येत नाही. मी दवाखान्यातून थेट रोट्टीघरात आले, गठ्ठ्यापुढे बसले, डोळे मिटले आणि टकटक करायला लागले. काही ऐकू येत नव्हतं. अंदाजाने मधूनच एखादी चांगली रोट्टी बाजूला काढायची, दिसायला बरं म्हणून. चार हजार रोट्ट्यांच्या पाकिटांवर माझं बोट आणि त्या बोटाला काही कळत नाही. रोज वाटायचं, आज टोपली परत येणार, आज कट्ट्यावर ओतणार. जाऊ म्हटलं तर तुम्ही जाऊ देत नव्हता, आणि का जायचं ते मला सांगता येत नव्हतं.

टोपली काही आली नाही. एक महिना, दोन महिने, सहा महिने. मग मला संशय आला. श्रावणातल्या एका सकाळी मी मुद्दाम कमी वाळवलेली एक ओली रोट्टी कल्लव्वाच्या पुढच्या गठ्ठ्यात मधोमध सरकवली. तो गठ्ठा तिच्या हातून माझ्याकडे यायचा होता. आला तेव्हा ती रोट्टी त्यात नव्हती. ती म्हशींसाठी ठेवलेल्या टोपलीत पडली होती.

मी तिला मागच्या अंगणात नेलं. विचारलं, “किती दिवसांपासून माहीत आहे गं तुला?”

“उगादीपासून, अक्का.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलला नाहीत म्हणून.”

“आणि टकटक कुठे शिकलीस? मी तर कुणाला शिकवलं नाही.”

“सतरा वर्षं तुमच्या शेजारी बसते. मला काय कान नाहीत?”

मी रडले. ती नाही रडली, तिच्या हाताला पीठ होतं. मी म्हणाले, “कल्ली, मग सुटले मी. आता सभेत सांगते की तुला येतं.” तशी ती माझ्यावरच उसळली. “खबरदार सांगाल तर. तुमचं बोट सोडतील आणि माझं धरतील. माझी लेक कलबुर्गीला बाळंत होणार आहे. मला चार दिवस जायचंय की नाही? तुम्ही दोन वर्षं सुटायला बघताय, मला कशाला अडकवता?”

कल्लव्वा, मान खाली घालू नकोस. तू बरोबर बोललीस. माझ्या जागी तुला बसवून मी निघाले असते, तर त्याला काय निरोप म्हणायचं?

म्हणून आम्ही दोघींनी कट केला. मामांनासुद्धा कळू दिलं नाही. गेले तीन महिने चौदाही जणी टकटक करताहेत. ज्या हाताने थापली त्याच हाताने तपासायची, आपला गठ्ठा आपण बांधायचा. कुणाला आठ दिवसांत जमलं, कुणाला महिना लागला. पारव्वा सगळ्यांत नवी, ती तर म्हणायची, “अक्का, मला सगळ्याच सारख्या बोलतात.” या तीन महिन्यांत मी एकाही गठ्ठ्याला बोट लावलेलं नाही. मी नुसती पाटावर बसून असायची आणि मामा खिडकीतून बघून समाधानाने जायचे. किती टोपल्या परत आल्या, मामा? एक तरी?

मॅडम, तुम्हाला वाटेल म्हातारी सुटण्यासाठी काहीही सांगते. म्हणून आज सकाळी मी आणखी एक उद्योग केला. पहिल्या रांगेत बसलेल्या या चौदा जणींच्या हातात, पाहुण्यांना भेट द्यायची म्हणून, एकेक रोट्टी दिली आहे. त्यातली एक मी मुद्दाम ओली ठेवली. कुणाच्या हातात गेली ते कल्लव्वालाही माहीत नाही, आणि वाटताना मी बघितलं नाही म्हणून मलाही माहीत नाही. बायांनो, उभ्या राहा. पदर सारखे करा, फोटो निघतोय. आता टकटक करा. सभेने कृपया शांत बसावं.

करा.

झालं? मला तुमची बोटं हलताना दिसली, बाकी काही नाही. आता जिच्या हातात ओली असेल तिने ती वर धरावी.

पारव्वा? तुझ्या हातात? नीट बघ गं, घाबरू नकोस. मॅडम, जरा मोडून बघता? मधून मोडा. वाकते आहे ना? मोडत नाही ना? बस. बाकीच्या तेरा तुम्ही आमच्या शेंगाचटणीबरोबर खाऊन बघा, त्या मोडतील.

मामा, तुम्ही डोळे पुसताय की घाम, मला कळत नाही. पण तो कागद खिशातच राहू द्या. मला तहहयात काही करू नका. आणि एक विनंती, पाकिटावरचं बोट काढा. तिथे दुसऱ्या कुणाचं लावू नका, कल्लव्वाचं तर मुळीच नको. रोट्टीचं चित्र काढा, गोलच असते, कुणालाही काढता येईल.

मला कुठे जायचंय ते तुम्हाला माहीत आहे. नदीपलीकडे माझी थोरली बहीण चन्नव्वा एकटी असते. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, तिने मला कडेवर वाढवलं, माझं लग्न होईपर्यंत स्वतःचं केलं नाही आणि नंतर राहून गेलं. आता तिची नजर गेली आहे. दोन वर्षं दर सोमवारी ती गाडीचा आवाज ऐकून रस्त्यावर येते आणि मल्लप्पाण्णांना विचारते, “आली का रे?” हे म्हणतात, “पुढच्या सोमवारी, अव्वा.” शंभरएक सोमवार या माणसाने माझ्यासाठी खोटं बोललंय आणि शंभरएक सोमवार पुढची जागा रिकामी ठेवलीय. तिला दिसत नाही, मला ऐकू येत नाही. दोघी मिळून एक धड माणूस होऊ, आणि तेवढं आम्हाला पुरेल. मला तिच्याजवळ राहायचं आहे. ती आहे तोवर.

या गावाने मला जे दिलं त्याची परतफेड माझ्याने होणार नाही. एका सुनेला तुम्ही अक्का केलंत. अज्जांचे आशीर्वाद, मामांचा धाक, मॅडमनी दिलेला वेळ, स्वयंपाकघरात अजून वांग्याचं एण्णेगाय ढवळत असलेल्या पोरी, मांडव घालणारे, सतरंज्या उचलणारे, सगळ्यांचे आभार. चौदा जणींचे आभार मानणार नाही, त्यांना राग येईल. बोलण्यात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला लागलं असेल, वर्षभर जे लपवलं त्याने कुणाचं मन दुखावलं असेल, तर पोटात घाला. म्हातारीची चूक समजा.

पावणेचार झाले. ट्रंक मी सभेआधीच टपावर चढवली आहे, मल्लप्पाण्णांनी दोरीला चार गाठी मारल्यात. आता मी या पायऱ्या उतरून सरळ दाराकडे चालत जाणार आहे आणि कुणाच्याही तोंडाकडे बघणार नाही. पाठीमागून कुणी थांबा म्हणालात, तर मला ते ऐकू येणार नाही.

शरणु.