झाकल्या मुठीनं बातम्या

“हॅलो? …हो ताई, मीच. …आवाज असा येतोय कारण मेकअपच्या खोलीत आहे. …नाही गं, एकटीच. आज इथे कुणी पाय ठेवायला तयार नाही.”

बातम्या सुरू व्हायला वीस मिनिटं उरली होती. पडद्याच्या कोपऱ्यातल्या लहानशा चौकटीत उभं राहायचं आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांना त्या बातम्या हातांच्या खुणांनी सांगायच्या, हे धाकटीचं गेल्या सहा वर्षांचं काम. कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत उमटलेले सोरायसिसचे लाल चट्टे, त्यांवरचे चंदेरी पापुद्रे, हे सोबती मात्र आठ महिन्यांचेच. आरशाभोवतीचे दिवे रोजच्यासारखे लागलेले होते. तिची खुर्ची तेवढी कुणीतरी सकाळीच प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली होती, घर सोडून जाणारी माणसं सामान गुंडाळतात तशी. टेबलावर पांढऱ्या हातमोज्यांचं कोरं पाकीट होतं, त्यावर एक चिठ्ठी: मोजे, नाहीतर आज बदली बाई.

“ताई, एक विचारते, खरं सांग. सकाळी तू इथे फोन केला होतास? …अगं, रागावले नाही. अजून तरी नाही. …थेट साहेबांनाच? …काय सांगितलंस? …तसं गोलगोल नको, शब्द सांग. जसाच्या तसा. …‘तिची प्रतिकारशक्ती फार कमी झालीय, थोडे दिवस विश्रांती द्या.’ …हो, हो… मायेनं सांगितलंस, कळतंय मला. पण ऐक ना. प्रतिकारशक्ती कमी म्हटलं की माणसाच्या मनात काय येतं? हिला कसली तरी लागण झालीय. आणि पुढे? ही ती आपल्यालाही देणार. मेकअपवाल्या बाईंनी पावडरचा डबा उंबऱ्याबाहेर ठेवलाय, ताई. काठीनं आत ढकलला नाही, एवढेच उपकार.”

पलीकडचं बोलणं लांबलं. धाकटी ऐकत राहिली. तिचा मोकळा हात मांडीवर आपसूक हलत होता, ताईचं वाक्यन् वाक्य खुणांत उतरवत होता. बघणारं कुणी नसतानाही बोलत राहणाऱ्या त्या हाताकडे तिनं आरशात पाहिलं, आणि तो तिला कुणा परक्या, एकट्या माणसासारखा वाटला.

“नाही. कमी नाही, जास्त आहे. …जास्त, ताई. तिथेच तुझं चुकतंय. माझी प्रतिकारशक्ती अशक्त नाही, आगाऊ आहे. …डॉक्टरबाईंनी चित्र काढून दाखवलं. रक्तात पांढऱ्या पेशी असतात ना, त्यांतल्या काही राखणदार. टी पेशी म्हणतात त्यांना. जंतू शिरला की ओरडून बाकीच्यांना गोळा करायचं, हे त्यांचं काम. माझ्या राखणदारांचा काय गैरसमज झालाय कोण जाणे. जंतू नाही, काही नाही, आणि हे कातडीत ठाण मांडून बोंब मारत बसलेत. …अगदी बरोबर, चोर सोडून संन्याशाला सुळी. …मग कातडी बिचारी घाबरते. तिला वाटतं जखम झाली, लवकर भरायला हवी. एरवी नवी पेशी तळातून वर यायला महिनाभर लागतो. माझ्याकडे तीन-चार दिवसांत. कच्च्याच वर येऊन थडकतात, एकीच्या अंगावर दुसरी. तेच हे पापुद्रे. …घाण नाही गं ती. घाईत आलेली माझीच कातडी आहे.”

“…तू दिलेल्या त्या गोळ्या? प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या? …दोन्ही डबे कपाटात आहेत, झाकणसुद्धा उघडलं नाही. अगं, आधीच कुंपण शेत खातंय, त्याला वर खतपाणी घालू? …मला जे इंजेक्शन सुरू करायचंय ते नेमकं उलटं आहे. या पेशी निरोप धाडून एकमेकींना चिथावतात, त्यांतला एक निरोप वाटेतच अडवायचा. …तपासण्या चालल्यात त्याआधीच्या. …मुळासकट नाही जात. आटोक्यात राहतं. …हो, तेवढ्यावर संसार करायची तयारी आहे माझी.”

“…काय म्हणालीस? हात दाखवून अवलक्षण? ताई, हात दाखवणं हा माझा धंदा आहे. …आता ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हेही म्हणून टाक, आलंच असेल ओठावर. …बघ, आलं होतं ना. झाकल्या मुठीनं बातम्या कशा सांगू मी?”

ती हसली. रिकाम्या खोलीत ते हसू जरा मोठंच वाजलं.

“घातले होते की. मंगळवारी घातले होते मोजे. …काही बिघडलं नाही असं तुला वाटतं, कारण तुला ऐकू येतं. बोटांमधल्या फटी दिसेनात, पेरं कुठे वाकतात ते कळेना. नळाचं पाणी तीनला जाणार होतं, लोक पाच समजून बसले. एक शिंपीणबाई आहेत, जन्मापासून ऐकू येत नाही, रोज न चुकता बघतात. त्यांनी दुसऱ्या दिवशी लिहून पाठवलं, ‘काल तुम्ही बोबडं का बोलत होता?’ …हसू नकोस. मला नाही आलं हसू. सहा वर्षं मी त्या बाईंशी स्वच्छ बोलतेय. आणि त्या दिवशी माझे हात बोबडे झाले, कशापायी, तर ज्यांना ऐकू येतं त्यांच्या डोळ्यांना खुपू नये म्हणून.”

“…ताई? …आहेस ना? …अगं, रडतेस कशाला? मी तुला नाही बोलले. …बोल ना. …कुठे? …कोपराच्या मागे. केवढा? …शर्टाच्या बटणाएवढा. कधी दिसला? …काल. आणि आज सकाळी तू इथे फोन केलास.”

आता तिला उमगलं. डाग भाचीच्या, ताईच्या अकरा वर्षांच्या लेकीच्या कोपरावर होता. ‘कमी’ हा शब्द ताईनं चुकून निवडला नव्हता. ती त्याला धरून बसली होती. जे कमी असतं ते आईला चमच्यानं भरून काढता येतं. जे जास्त आहे, जे स्वतःवरच उलटलं आहे, त्याला कुठल्या चमच्यानं काय भरवायचं?

“ऐक, आधी कातडीच्या डॉक्टरांना दाखव. एवढासा डाग कशाचाही असू शकतो. …नात्यात असलं की शक्यता थोडी वाढते, पण म्हणून होतंच असं नाही. …‘नाहीच होणार’ असं मी म्हणणार नाही, ताई. खोटं बोलून तुला झोप लागेल, मला नाही लागणार. …पण माझ्यापासून लागलेलं नाही, हे लिहून घे. मी तिची वेणी घातली, तिच्या ताटात जेवले, त्यानं हे होत नाही. …विचारत होती? काय विचारत होती? …पुन्हा सांग.”

ताईनं पुन्हा सांगितलं असावं. धाकटीनं डोळे मिटून घेतले.

“…‘मावशीसारखे मोजे मलापण घालावे लागतील का?’ …असं म्हणाली. …मंगळवारचं बघितलं होतं म्हणजे तिनं. …नाही, मी ठीक आहे. …तू काय सांगितलंस तिला? …काहीच नाही. …बरं. मग उत्तर मी देते.”

दार उघडलं. साहेब उंबऱ्यावरच थबकले. त्यांच्यामागे बदली बाई काळा, साधा सदरा घालून संकोचानं उभी होती.

“थांब, साहेब आलेत, फोन ठेवू नकोस. …या ना साहेब, आत या. भिंतींना काही झालेलं नाही. …वाचली चिठ्ठी. मोजे नाही घालणार. …कॅमेरा लांब नेऊनही दाखवू नका, दुरून बोटं वाचता येत नाहीत. …याची लागण होत नाही, डॉक्टरांचं पत्र पंधरा दिवसांपासून तुमच्या टेबलावर आहे. …माझ्यावर विश्वास नका ठेवू, ज्यांनी सांगितलं त्यांच्याच तोंडून ऐका. ताई, फोन देतेय. सकाळी बोललीस त्यातला एकच शब्द बदलायचाय तुला.”

साहेबांनी फोन दोन बोटांत धरला, कानापासून चांगला वीतभर लांब. ऐकता ऐकता ते अंतर कमी होत गेलं. दोनदा त्यांनी नुसतंच “हं” म्हटलं. शेवटी फोन कानाला टेकला होता, आणि नजर जमिनीला. तो परत देऊन त्यांनी बदली बाईला मान हलवून बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं.

“हॅलो? …काय सांगितलंस गं त्यांना? …‘कमी नाही, जास्त आहे, आणि ते लागत नाही.’ …एवढंच? …हं. …नाही, आजच्यापुरतंच आहे. तक्रारी आल्या की उद्या पुन्हा हेच. मग उद्या पुन्हा भांडेन. …वाटतेय ना भीती. वाटू दे. …तिला बसव टीव्हीसमोर. मधल्या बाईकडे नको बघू म्हणावं, कोपऱ्यात बघ. …हो, हो… अगं पुरे, हाक आली मला. …नाही, तू नाही, मीच ठेवते. आता मला दोन्ही हात लागणार आहेत.”